सातारा-सांगलीच्या वीरगळ, बारवा आणि लेण्यांच्या याद्या एकत्र करताना

धागालेखक : पायथ्याकर (सातारा)

नमस्कार मंडळी.

सातारा, वाई, कोरेगाव आणि खटाव या भागांत सुट्टीच्या दिवशी फिरून वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचे स्मृतिदगड), सतीशिळा, बारवा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी) आणि जुनी मंदिरे यांच्या नोंदी करणारे आम्ही सहाजण आहोत. आमच्यात पुरातत्त्वाची पदवी कोणाकडेही नाही. आठ वर्षांच्या भटकंतीतून एक मोठी एक्सेल यादी, काही हजार छायाचित्रे आणि तीन वह्या जमल्या आहेत. गेल्या दिवाळीत सांगलीच्या एका मित्रमंडळाने तासगाव, खानापूर आणि जत तालुक्यांतील त्यांची यादी आम्हाला विश्वासाने दिली. त्याशिवाय १८८५ च्या सातारा जिल्हा गॅझेटिअरमधील स्थळांची आम्ही टंकून घेतलेली सूची आहे आणि बारवांच्या नकाशावरून उतरवलेली एक केएमएल (नकाशावरील बिंदूंची) फाइल आहे. या चारही गोष्टी एकत्र करून एकच यादी करावी आणि ती सर्वांना खुली करावी, एवढाच साधा विचार होता.

प्रत्यक्षात दोन रविवार घालवल्यानंतर हाती जे आले त्याला यादी म्हणवत नाही. एकाच वीरगळाच्या तीन ओळी झाल्या, कारण एकाने गावाचे नाव लिहिले होते, दुसऱ्याने वाडीचे आणि तिसऱ्याने मंदिराचे. याउलट दोन वेगळ्या तालुक्यांतील दोन भैरवनाथ मंदिरे केवळ नाव सारखे म्हणून एका ओळीत गेली आणि एकाचे मोजमाप दुसऱ्याला चिकटले. कऱ्हाडजवळच्या आगाशिवच्या डोंगरातील लेण्यांना पुरातत्त्वज्ञ बर्जेसच्या काळापासूनचे क्रमांक आहेत, पण आमच्या एका सहकाऱ्याने पायवाटेने जाताना जशी दिसली तशी ती मोजली आहेत. त्यामुळे त्यांचे ‘लेणे ६’ आणि जुन्या यादीतील ‘लेणे ६’ ही दोन निरनिराळी लेणी निघाली. हे लक्षात येईपर्यंत मी मूळ फाइलीवरच नवी फाइल जतन करून बसलो होतो. मित्राकडे जुनी प्रत होती म्हणून निभावले.

असे काम कोणी आधी केले असल्यास त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. स्थळे खुली करावीत की नाहीत, यावर आमच्या गटातच दोन तट आहेत, त्याबद्दलही मते हवी आहेत.

प्रतिसाद : कृष्णाकाठ (सांगली)

आपण सांगितलेली पहिली अडचण ही नावांची आहे आणि ती वाटते त्याहून जुनी आहे. आज आपण ज्याला सांगली जिल्हा म्हणतो तो १८८५ च्या गॅझेटिअरमध्ये तुम्हाला सापडणारच नाही. तासगाव, वाळवा आणि खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते; सांगली, मिरज आणि जत ही संस्थाने होती; आटपाडी औंध संस्थानात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. त्यामुळे मधल्या दहा-अकरा वर्षांतील प्रकाशनांत ‘दक्षिण सातारा’ असे दिसले तर ते आजच्या सातारा जिल्ह्याच्या दक्षिण भागातले समजू नये. ही चूक मी स्वतः केलेली आहे. पलूस आणि कडेगाव हे तालुके तर अलीकडचे, म्हणजे जुन्या नोंदीतील तालुका आज बदललेला असण्याची शक्यता नेहमीच धरावी लागते.

यावर माझा उपाय असा की गावाच्या नावाने याद्या जोडूच नयेत. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे. तो एका स्वतंत्र रकान्यात भरावा आणि जोडणी त्या क्रमांकावर करावी. मूळ नोंदीत नाव जसे लिहिले आहे तसे दुसऱ्या रकान्यात राहू द्यावे. ‘लिंब’ असो, ‘निंब’ असो किंवा इंग्रजांनी केलेले काही भलतेच असो, ते दुरुस्त करू नये. वाड्यांना मात्र हा क्रमांक नसतो. तिथे मूळ गावाचा क्रमांक आणि वाडीचे नाव असे दोन्ही ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट लिपीची आहे. ‘कऱ्हाड’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टंकता येतो. एका पद्धतीत नुक्त्याचा ऱ वापरला जातो, दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे वाटतात. म्हणून तुमच्या यादीत ‘कऱ्हाड’ शोधल्यावर निम्म्या नोंदी मिळत नसतील तर त्या हरवल्या असे समजू नका. फक्त दुसऱ्या कळफलकावर टंकलेल्या आहेत. ‘वीरगळ’, ‘विरगळ’, ‘वीरगळी’ आणि ‘गधेगाळ’ (दानभंग करणाऱ्याला शाप कोरलेला दगड), ‘गद्धेगाळ’, ‘गधेगळ’ हे प्रकार त्यावर आणखी. आमच्याकडे पूर्वीची काही टिपणे श्रीलिपीत होती. तिथे तर अक्षरांच्या जागी रोमन चिन्हेच साठवलेली असतात, आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर ती उघडली की नुसता कचरा दिसतो. रूपांतर करून घेतले तरी जोडाक्षरे हाताने तपासावी लागली.

तुमच्या मित्राकडे जुनी प्रत होती हे वाचून मला २०१९ चा महापूर आठवला. आमच्या भागातील एका वाचनालयाच्या तळमजल्यावर एका अभ्यासकाचा संगणक आणि टिपणांचे गठ्ठे होते. पाणी ओसरल्यावर जे उरले ते एकाला पूर्वीच ईमेलने पाठवलेल्या दोन फाइलींएवढेच. वाटलेले तेवढे वाचले.

प्रतिसाद : मोडीवाचक (वाई)

कृष्णाकाठ यांनी नावांबद्दल जे सांगितले तेच मी तारखांबद्दल सांगू इच्छितो, कारण आपल्या भागातील नोंदींत सर्वांत जास्त घोळ तिथे होतो.

आपल्याकडील शिलालेख आणि कागदपत्रे शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, शुहूर सन, फसली आणि हिजरी अशा पाच तऱ्हांच्या कालगणना वापरतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो हे शाळेत शिकवले जाते, पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे पौष, माघ किंवा फाल्गुनातील तिथी बहुधा ७९ मिळवल्यावर बरोबर येते. शुहूर सनाचे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते आणि तिथे ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीचे उदाहरण घ्या. तिथल्या लेखातील शके १६४१ ते १६४६ या वर्षांवरून आपण सर्रास ‘१७१९ ते १७२४’ लिहितो. ते चूक नाही, पण शके १६४६ हे वर्ष १७२५ च्या मार्चपर्यंत चालते. यादीत नुसते १७२४ लिहिले तर मूळ लेखात काय होते हे नंतरच्या माणसाला कळण्याचा मार्ग राहत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की तारखेसाठी एक रकाना पुरेसा मानू नये. लेखात जसे आहे तसे वाचन, ते कोणी वाचले आणि केव्हा, आणि त्यावरून काढलेला इसवी सनाचा अलीकडचा व पलीकडचा टोकाचा अंदाज, असे सगळे ठेवावे. शिलालेखाचे माझेच एक वाचन मी सहा वर्षांनी बदलले आहे. आधी दोन अंकी वाटलेला आकडा तिरप्या उन्हात तीन अंकी निघाला. पहिले वाचन आम्ही पुसले नाही, कारण ते वाचन उद्धृत करून एकाने लेख लिहिला होता आणि त्याला ते कुठून आले हे कळायला हवे.

प्रतिसाद : खापरीशोध (पुणे, मूळ गाव तासगाव तालुक्यात)

मी पुरातत्त्वात संशोधन करते आणि माझ्या प्रबंधाचा मोठा भाग जुन्या सर्वेक्षणांच्या नोंदी एकमेकींशी जोडण्यातच गेला, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

पायथ्याकर दादा, तुमच्या यादीतील प्रत्येक ओळ म्हणजे ‘एक वीरगळ’ असे तुम्ही धरून चालला आहात. मला वाटते सगळी अडचण तिथून सुरू होते. तुमच्या हातात जी आहे ती एका माणसाने एका दिवशी एका ठिकाणी केलेली नोंद आहे. तोच वीरगळ दुसऱ्याने पाच वर्षांनी पाहिला तर दुसरी नोंद होते, आणि दोन्ही खऱ्या असू शकतात. पहिल्या वेळी तो ओढ्याकाठी असेल, दुसऱ्या वेळी जीर्णोद्धारात मंदिराच्या भिंतीला लावलेला असेल आणि त्यावर ऑइल पेंटही बसलेला असेल. दोन ओळी एक करून ‘बरोबर’ जागा ठेवायची म्हटले तर कोणती ठेवाल? म्हणून नोंदी आहेत तशाच ठेवाव्यात आणि त्यांच्यावर एक वेगळा तक्ता करावा, ज्यात प्रत्येक वीरगळाला एक क्रमांक असेल आणि त्या क्रमांकाशी कोणकोणत्या नोंदी जुळतात, त्या कोणी जुळवल्या आणि किती खात्रीने जुळवल्या, एवढेच असेल. जुळवणी चुकली तर तो तक्ता बदलता येतो, मूळ नोंदींना धक्का लागत नाही.

संग्रहालयांच्या जगात याच विचारावर सिडॉक सीआरएम नावाचे प्रतिमान उभे आहे, ज्याला २००६ मध्ये आयएसओ २११२७ हे प्रमाण मिळाले. त्याचा गाभा घटना हा आहे. वस्तू घडवली गेली, हलवली गेली, मोजली गेली, वाचली गेली, या प्रत्येक घटनेला कर्ता, काळ आणि जागा असते. तुम्हाला ते सगळे अंगीकारण्याची गरज नाही. एक्सेलच्या दोन-तीन तक्त्यांतही तो विचार बसतो.

शब्दांच्या बाबतीत एक उदाहरण देते, कारण ते मला फार उपयोगी पडले. २०१४ मध्ये तुर्कस्तानातील १७ स्थळांवरील प्राण्यांच्या हाडांच्या दोन लाखांहून अधिक नोंदी एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या नोंदी वेगवेगळ्या तज्ज्ञांनी आपापल्या सांकेतिक शब्दांत केलेल्या होत्या. शेळी आणि मेंढी यांची पुष्कळ हाडे एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत, म्हणून तिथे ‘शेळी’, ‘मेंढी’ आणि ‘शेळी किंवा मेंढी’ असे तीन वर्ग लागतात. जोडणी करताना कोणाचाही मूळ शब्द बदलला गेला नाही. प्रत्येक शब्दाशेजारी एक सामाईक संज्ञा बसवली गेली आणि ही माहिती ओपन कॉन्टेक्स्ट या खुल्या संकेतस्थळावर ठेवली गेली. एकत्र पाहिल्यावर असे दिसले की शेळी, मेंढी, गाय आणि डुक्कर हे चारही पाळीव प्राणी एका गाठोड्यासारखे पश्चिमेकडे सरकलेच नाहीत. प्रदेशागणिक निरनिराळे प्राणी निरनिराळ्या वाटांनी गेले. एकेका उत्खननाच्या अहवालातून हे कधी दिसले नसते.

आपल्याकडे ‘शेळी किंवा मेंढी’ची जागा ‘हेमाडपंती’ या शब्दाने घेतली आहे. चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेले कोणतेही जुने मंदिर आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील यादवांचा मंत्री. त्याच्या आधीच्या शिलाहार काळातील मंदिरेही त्याच नावाखाली जातात. तुमच्या यादीत जिथे ‘हेमाडपंती’ आहे तिथे ते पुसू नका, पण शेजारी काय दिसले ते साध्या शब्दांत लिहा. शिखर आहे का, खांब कसे आहेत, चुना कुठे आहे, नंतरचे बांधकाम कोणते. काळ ठरवणाऱ्याला पुढे तेच लागते. वीरगळांचेही तसेच आहे. खालच्या कप्प्यात गायी दाखवल्या आहेत की नुसते युद्ध, मधल्या कप्प्यात अप्सरा वीराला नेताना आहेत का, वर लिंगपूजा आणि चंद्रसूर्य आहेत का, एवढे ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘झिजले आहे’ असे भरले तरी गायींसाठी झालेल्या लढायांचे वीरगळ कोणत्या गावांत जास्त आहेत हे नकाशावर पाहता येईल. ‘नाही’ आणि ‘झिजले आहे’ यांत फरक ठेवायला विसरू नका.

प्रतिसाद : जुना फळा (निवृत्त शिक्षक, कोरेगाव तालुका)

सर्व प्रतिसाद वाचले. विद्वत्तेबद्दल आदर आहे, तरीही एक कटू गोष्ट मांडतो.

मी १९८७ पासून सायकलवर आणि नंतर एसटीने फिरून नोंदी केल्या. चौदा वह्या आहेत. बारा वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी अभ्यासासाठी म्हणून चार वह्या नेल्या, परत दिल्या हे खरे, पण पुढच्या वर्षी त्यांच्या पुस्तकात माझी वीस-बावीस टिपणे शब्दशः छापून आली आणि ऋणनिर्देशात माझे नाव नव्हते. मी कोणाकडे तक्रार केली नाही. पण त्यानंतर वही घराबाहेर दिलेली नाही. आता तुम्ही म्हणता की सगळे खुले करा. खुले म्हणजे कोणाचेच नाही, असाच याचा अर्थ गावोगावी घेतला जातो, हे मी पाहिले आहे.

प्रतिसाद : खापरीशोध (पुणे)

सर, तुमचे म्हणणे मला पूर्ण पटते आणि म्हणूनच मी उलट्या बाजूने सांगते. तुमच्या वह्या घरात होत्या म्हणूनच त्या गृहस्थांना ते करता आले. त्या टिपणांवर तुमचे नाव आणि तारीख असलेली सार्वजनिक प्रत कुठेच नव्हती, त्यामुळे टिपण कोणाचे हे कोणाला दाखवता आले नाही.

आज झेनोडोसारखी ऑनलाइन भांडारे आहेत. झेनोडो सर्न या संशोधन संस्थेत २०१३ पासून चालते. तिथे तुमच्या एका वहीची छायाचित्रे आणि टंकलेली यादी ठेवली की तिला तुमच्या नावाचा कायमचा डीओआय क्रमांक मिळतो. यादीत दुरुस्ती केली तर प्रत्येक आवृत्तीला वेगळा क्रमांक मिळतो आणि जुनी आवृत्तीही राहते. परवान्यात ‘श्रेय देणे बंधनकारक’ अशी अट घालता येते. त्याने चोरी थांबतेच असे मी म्हणणार नाही. पण तारखेसह पुरावा तुमच्या बाजूने राहतो.

मात्र एक जबाबदारी आपल्यावरही येते. एकत्रित यादीत प्रत्येक नोंदीशेजारी तिच्या कर्त्याचे नाव असायलाच हवे, ‘संकलन : अमुक मंडळ’ एवढ्यावर भागवू नये. पायथ्याकर दादांच्या फाइलीत असा रकाना मला दिसला नाही.

प्रतिसाद : पायथ्याकर (सातारा)

रकाना नाही हे खरे आहे. आम्ही सहाजण एकमेकांना ओळखतो म्हणून कधी गरज वाटली नाही, आणि सांगलीची यादी जोडताना तीच सवय पुढे गेली. आज रात्रीपासून तो भरायला घेतला आहे. गुरुजी, तुमची गोष्ट वाचून वाईट वाटले.

प्रतिसाद : साखळी-शंकू (निवृत्त, भूमापन)

नकाशाच्या बिंदूंबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो.

जुन्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या पत्रकांवरील अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट लंबवर्तुळावर (पृथ्वीच्या आकाराच्या एका गणिती रूपावर) आधारलेले आहेत, जे १८३० चे आहे. मोबाइलमधील जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या पद्धतीने आकडे देते. २००५ च्या नकाशा धोरणानंतरची खुली पत्रके या नव्या पद्धतीची आहेत. कऱ्हाड शहर ४७ के/३ या पत्रकावर येते. जुन्या पत्रकावरून उतरवलेला तिथला बिंदू रूपांतर न करता गुगलच्या नकाशावर टाकला तर तो शंभर मीटरहून अधिक सरकतो. एखादे लेणे त्यामुळे डोंगराच्या दुसऱ्या उताराला जाते. गंमत अशी की केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीचे प्रतिबंधित क्षेत्रही १०० मीटरचेच आहे आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. म्हणजे चुकीच्या पद्धतीने उतरवलेल्या बिंदूवर विसंबून कोणी वाद घातला तर तो वाद पहिल्याच मोजणीत हरेल.

यादीत बिंदूशेजारी दोन गोष्टी लिहाव्यात. तो कशावरून घेतला आणि किती मीटरपर्यंत खात्रीचा आहे. मोबाइलचा बिंदू मोकळ्यावर पाच-दहा मीटर इकडेतिकडे असतो. वाई तालुक्यातील किकलीच्या भैरवनाथाच्या आवारात जिथे वीरगळ शेजारी शेजारी उभे आहेत, तिथे बिंदू घेऊन काहीच निष्पन्न होत नाही. तिथे कागदावर आराखडा काढून प्रवेशद्वारापासून डावीकडून क्रमांक द्यावे लागतात. आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या छायाचित्रातून बिंदू काढण्याचा प्रयत्न करू नका, पाठवताना ती माहिती गळून पडते. छायाचित्रे मूळ फाइल म्हणूनच मागून घ्यावीत.

प्रतिसाद : घाटवाट (पाटण)

स्थळे खुली करावीत का, या मूळ प्रश्नावर माझे मत स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. गुप्तधनाच्या नादाने रात्री खणलेले खड्डे मी तीन ठिकाणी पाहिले आहेत. एके ठिकाणी नंदीखाली धन असते या समजुतीने नंदी उलटवलेला होता. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ पासून आहे, दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही जमिनीत सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, पण खणणारा माणूस कायदा वाचून खणत नाही. तुम्ही मीटरपर्यंत अचूक बिंदू दिलात तर त्याचे निम्मे काम तुम्हीच करून दिल्यासारखे होईल.

प्रतिसाद : कृष्णाकाठ (सांगली)

घाटवाट यांची भीती खरी आहे, परंतु दुसरी बाजूही मी पाहिली आहे. आमच्या तालुक्यात रस्ता रुंद करताना दोन सतीशिळा मुरुमाबरोबर भरावात गेल्या. त्या तिथे आहेत हे ठेकेदाराला माहीत नव्हते, तलाठ्यालाही नव्हते, आणि आमच्या वहीत मात्र त्या व्यवस्थित लिहिलेल्या होत्या. गुप्ततेने त्या वाचल्या नाहीत.

प्रतिसाद : खापरीशोध (पुणे)

यावर अमेरिकेत काढलेला एक मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. तिथे पुरातत्त्वीय स्थळांना राज्य, परगणा आणि अनुक्रम अशा तीन भागांचा स्मिथसोनियन क्रमांक देण्याची जुनी पद्धत आहे. कृष्णाकाठ यांनी सुचवलेल्या गावाच्या क्रमांकाशी ती बरीच मिळतीजुळती आहे. डीआयएनएए या प्रकल्पाने अनेक राज्यांच्या स्थळसूची एकत्र आणल्या, पण लोकांना दिसणाऱ्या नकाशावर अचूक बिंदू न देता सुमारे २० किलोमीटरच्या चौकटीत किती स्थळे आहेत एवढेच दाखवले. नेमकी जागा त्या त्या राज्याच्या कार्यालयाकडे राहते. क्रमांक मात्र खुला असल्यामुळे दोन अभ्यासक एकाच स्थळाबद्दल बोलत आहेत हे दोघांनाही कळते.

आपल्या घनदाट वस्तीच्या प्रदेशात २० किलोमीटर फार होतील. गावापर्यंतची जागा सर्वांना आणि नेमका बिंदू मागणाऱ्याचे नाव-काम पाहून, असे करता येईल. सरसकट एकच नियम मला बरोबर वाटत नाही. लिंबची विहीर किंवा आगाशिवची लेणी लपवण्यात अर्थ नाही, ती पर्यटकांच्या नकाशावर आहेतच. शेताच्या बांधावर मिळालेल्या खापरांची जागा, सुट्या मूर्ती आणि नाणी मिळालेली ठिकाणे मात्र झाकावीत. आणि ज्या वीरगळाची गावात पूजा होते त्याबद्दल गावकऱ्यांना विचारल्याशिवाय काहीच खुले करू नये, कारण तो त्यांचा देव आहे.

प्रतिसाद : घाटवाट (पाटण)

मागणाऱ्याचे नाव-काम पाहणार कोण? आज पायथ्याकर पाहतील, दहा वर्षांनी कोण पाहील? याचे उत्तर मिळाल्याशिवाय माझ्या पाटण तालुक्यातील नोंदी मी गावापर्यंतच देईन. त्याहून अधिक नाही.

प्रतिसाद : पायथ्याकर (सातारा)

घाटवाट, तुमची अट मान्य आहे आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर आज माझ्याकडे नाही. आम्ही एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाशी बोलून पाहणार आहोत, पण विभागातली माणसे बदलली की काय होते हेही पाहिलेले आहे.

शासनाच्या पातळीवर असे काम चाललेलेच नाही असे नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्मारके व पुरावस्तू अभियानात १२ लाखांहून अधिक पुरावस्तू आणि ११ हजारांहून अधिक वास्तू व स्थळे यांच्या नोंदी झाल्या, असे केंद्र सरकारने सांगितले आहे. पण त्या दोन आकड्यांमधले अंतर पाहा. संग्रहालयात ठेवलेली वस्तू मोजणे सोपे, माळावरची अवघड. माळावरच्या वस्तू आपल्यासारख्यांच्या वह्यांत अडकल्या आहेत.

गेले चार दिवस सर्वांच्या सूचना धरून फक्त किकलीपुरता प्रयोग केला. मूळ चारही याद्या हात न लावता बाजूला ठेवल्या, सीएसव्ही (साध्या मजकुराचा तक्ता) करून घेतल्या, त्यांच्या दोन प्रती दोन घरी ठेवल्या. नोंदींचा एक तक्ता आणि जुळवणीचा दुसरा. एका दिवसात सतरा नोंदी जुळवता आल्या, त्यांतल्या चार मी ‘बहुधा’ म्हणून सोडल्या आहेत. एक वीरगळ अडला आहे. आमच्या २०१८ च्या नोंदीप्रमाणे तो आवाराच्या भिंतीलगत आहे, मापे स्पष्ट आहेत, खालच्या कप्प्यात तीन गायी आहेत. सांगलीच्या मित्रांनी एकदा सहज काढलेल्या छायाचित्रात तसाच वीरगळ दिसतो, पण मागे भिंत नाही, झाड आहे. छायाचित्रावर तारीख नाही. दोन दगड की एकच, ठरवता येत नाही.

प्रतिसाद : जुना फळा (निवृत्त शिक्षक, कोरेगाव तालुका)

वही क्रमांक पाच, पान ४१. किकली, १९९३ चा श्रावण. ‘तीन गायी, वीराच्या हाती ढाल, उजवा कोपरा फुटका, वडाच्या पाराशेजारी आडवा पडलेला’ असे मी लिहिले आहे. मापे वितीत आहेत, त्याबद्दल हसू नये. तुमच्या दगडाचा उजवा कोपरा फुटका आहे का?

प्रतिसाद : पायथ्याकर (सातारा)

गुरुजी, फुटका आहे. आमच्या नोंदीत ‘वरचा उजवा कोपरा तुटलेला’ असे आहे. रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही चौघे किकलीला जात आहोत. आपण येऊ शकलात तर घ्यायला येतो. आपली वीत तिथेच टेपने मोजून घेऊ, म्हणजे बाकीच्या वह्यांतली मापेही वापरता येतील. नोंद आपल्या नावाने जाईल आणि बिंदू खुला करायचा की नाही ते आपण सांगाल तसे.

प्रतिसाद : जुना फळा (निवृत्त शिक्षक, कोरेगाव तालुका)

येतो. वही मूळच आणतो, छायाप्रत नाही. छायाचित्रे तिथेच माझ्यासमोर काढावीत. पान ४१ वर शाई फुटली आहे, ते उन्हाकडे धरून वाचावे लागते, तेव्हा आठ म्हणजे आठलाच या, नंतर देवळाची सावली पडते.